बंदिवासानंतरचा पहिला पगार



शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांच्या पुनर्वसनावर मी दोन शब्द बोलावेत, अशी आपली सूचना होती. मी समाजशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेले, तेव्हा या प्रश्नाकडेही मी व्यापाऱ्याच्याच नजरेने पाहणार.

येरवडा म्हटले की पुणेकरांस गांधीजींचा कारावास आणि १९३२ चा पुणे करार आठवतो. आम्हा कापडवाल्यांना आणखी एक गोष्ट आठवावी. पेटीत मिटून ठेवता येणाऱ्या चरख्यास ‘येरवडा चरखा’ हे नाव त्याच तुरुंगामुळे मिळाले. आजही तेथे विणकाम, शिवणकाम, सुतारकाम, लोहारकाम असे उद्योग चालतात आणि बंद्यांनी केलेल्या वस्तू कारागृहाच्या विक्री केंद्रात मिळतात. तेथील सतरंजीची वीण पाहून कोणीही जाणकार समाधानाने मान डोलावील.

मग अडते कुठे? एक तर हे काम मुख्यतः पक्क्या कैद्यांसाठी असते. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस चारांपैकी तीन बंदी कच्चे कैदी होते. त्यांच्या हाती सहसा काहीच पडत नाही. दुसरे असे की, हातमाग शिकलेल्या माणसाला पुण्याच्या बाजारात माग कुठे मिळणार? तयार कपड्यांच्या कारखान्यास विजेच्या शिलाई यंत्रावर सफाईने हात चालवणारा, काजे-बटण आणि ओव्हरलॉक जाणणारा कारागीर हवा असतो. प्रशिक्षण बाजार पाहून दिले पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि सर्वांत मोठी अडचण कौशल्याची नाहीच. आपल्या धंद्यात उधारी ओळखीवर चालते आणि नोकरीही. दुकानात माणूस ठेवताना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणाच्या ओळखीचा?’ तुरुंगातून आलेल्या माणसापाशी या प्रश्नाचे उत्तर नसते. त्यात पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला, की बोलणेच खुंटते.

विश्वास टाकल्यास काय घडते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सूचनेवरून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी आणि बायकामुलांसह राहावे. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तेही त्याच मुलखातले! चित्रपट सर्वांनी पाहिला, वसाहत मात्र फारच थोड्यांनी. कुटुंब सोबत असलेला माणूस पळून जाण्याऐवजी पीक राखतो, हे त्या संस्थानिकाने ओळखले होते.

अलीकडची गोष्ट सांगतो. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू केली. बंद्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, तारण नाही, जामीनदार नाही; परतफेड तुरुंगातील मजुरीतून. बँकेसारखी संस्था कोठडीतल्या माणसाकडे जामीनदार मागत नाही आणि आपण मात्र सुटून आलेल्याकडे दोन मागतो!

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून तुरुंगातील व सुटलेल्या माणसांसाठी काम करीत आहे. अशा अनुभवी कार्यकर्त्यांचा सल्ला घेऊन आपल्या संस्थेने ओळखीची उणीव भरून काढावी, असे मला वाटते. म्हणजे जामीनदार म्हणून संस्थेनेच उभे राहावे. सुरुवातीस गल्ला हाताळण्याचे काम देऊ नये. कापणी, शिलाई, इस्त्री, गठ्ठे बांधणे अशी कामे द्यावीत. पगार आठवड्याला द्यावा, कारण सुटून आलेल्या माणसाला महिनाअखेरपर्यंत थांबणे परवडत नाही आणि जुने सोबती त्याच दिवसांत दार ठोठावतात. त्याचा पूर्वेतिहास मालकापुरताच राहावा. इतर नोकरांत त्याची चर्चा नको.

कार्यालयात यासाठी एक वही ठेवावी आणि कोणत्या दुकानात, कोणत्या कारखान्यात किती माणसांना जागा आहे, ते तीत नोंदवावे. पहिल्या पानावर माझ्या दुकानाचे नाव लिहून घ्यावे. सध्या एका माणसाची जागा आहे. शिवणकाम येत असल्यास उत्तम, नसल्यास आम्ही शिकवू.