प्रवेशाची तयारी दिवाळीपासूनच

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बारावीनंतरच्या प्रवेशाविषयी मी बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. आपल्याकडे निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि प्रवेशाचा विचार दुसऱ्या दिवशी सुरू होतो. माझे सांगणे एवढेच आहे, की तोवर फार उशीर झालेला असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने सीईटीत उत्तम गुण मिळविले. तिला लोणेऱ्याला इंजिनिअरिंग शिकायचे होते. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्जही झाला, अशी तिची व घरच्यांची समजूत होती. वास्तविक निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, ज्याला 'कॅप' म्हणतात, वेगळी नोंदणी करावी लागते. वडील आखातात, घरी आई आणि दादी. भर पावसात वीज गेलेली, आणि त्या गडबडीत मुदत निघून गेली. मला ही माहिती होती, परंतु "बेटी, नोंदणी केलीस ना?" एवढे मी तिला विचारले नाही. हा दोष माझा आहे. कॅपच्या बाहेर जागा मिळत होती. फी मात्र वडिलांच्या आवाक्याबाहेरची. तिने महाडला बी.एस्सी.ला नाव घातले.

म्हणून पालकांनो, पहिली गोष्ट लक्षात ठेवा. परीक्षा देणे वेगळे आणि प्रवेशाचा अर्ज करणे वेगळे. नीट दिली तरी राज्यातील जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी लागते. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी केली तरी त्या त्या महाविद्यालयाचा फॉर्म भरावाच लागतो. बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांनाही 2024 पासून सीईटी आली आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी व एसईबीसी घटकांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अट अशी, की प्रवेश कॅपमधूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही सवलत नाही. मुलीला शिकविण्यास पैसा नाही, असे म्हणणाऱ्या बापाने हा निर्णय एकदा वाचावा.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. आपल्यातील मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी इत्यादी समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर लागते. वैधतेस कित्येक महिने जातात, तेव्हा अकरावीतच अर्ज करा. जे कोणत्याही आरक्षणात नाहीत, त्यांच्यासाठी 2019 पासून 10 टक्के ईडब्ल्यूएस आरक्षण आहे. ते आपल्यासाठी नाही, असा गैरसमज आढळतो. धर्माची अट त्यात नाही. राज्याच्या दाखल्यासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. सबब आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सातबारा पेटीतून शोधून ठेवा. केंद्राच्या संस्थांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, हेही ध्यानात असू द्या.

चौथी गोष्ट नावाची. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, गुणपत्रिकेवर तिसरे, असे आपल्या मुलांच्या बाबतीत नेहमी घडते. आजच घरी जाऊन तीनही कागद शेजारी ठेवून पाहा. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या.

पोलादपूर-महाडचा पाऊस आणि प्रवेशाचे दिवस एकाच वेळी येतात. 2021 च्या जुलैमध्ये महाडात पूर आला आणि आपल्या तालुक्यात दरडी कोसळल्या, ते आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांत सेतू केंद्र, तलाठी, तहसील या फेऱ्या मारणे कठीण असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कागद गोळा करा आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडताच काढा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवा आणि त्यांची छायाप्रत मोबाइलमध्येही असू द्या. वडील परदेशी असतील, तर ओटीपी येणारा मोबाइल नंबर घरात हजर असणाऱ्या माणसाचा द्या.

विद्यार्थी मित्रांनो, पर्याय भरताना शेजाऱ्याची यादी उतरवू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, की पुढील फेऱ्यांत बदल करता येत नाही. ती न घेतल्यास पुढच्या फेऱ्याही हातच्या जातात. तेव्हा जे मनापासून हवे, तेच पहिले लिहा.

ती मुलगी बी.एस्सी. झाल्यावर पेढे घेऊन घरी आली होती. तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. जाताना एवढेच म्हणाली, "सर, धाकटी अकरावीत आहे. तिचे कागद आताच बघाल ना?"

यंदापासून दिवाळीच्या सुट्टीत मी दररोज सकाळी शाळेत बसणार आहे. आपापली पिशवी घेऊन या. धाकटीची पिशवी पहिली पाहीन.

खुदा हाफिज.