चित्रामागचे क्षण : अजिंठ्याच्या प्रतिकृतींची कथा

(जुनी रेखाटने व छायाचित्रे या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर एक नाव व एक तारीख कोरलेली आहे. नाव जॉन स्मिथ, तारीख २८ एप्रिल १८१९. मद्रास सेनेतील हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला असता त्याला लेण्याची कमान दिसली, ही हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते. ती अक्षरे वाचावयाची तर आज मान वर करावी लागते. स्मिथ असाधारण उंच होता असे नव्हे. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. प्राचीन चित्रावर नाव कोरणे हे कृत्य निंद्यच. तथापि त्या अक्षरांच्या उंचीवरून १८१९ साली लेण्याची अवस्था काय होती हे जितके नेमके कळते, तितके एखाद्या लांबलचक वर्णनावरूनही कळणार नाही. चित्रामागचा क्षण कधी कधी असा चित्राच्या कडेलाच राहून गेलेला असतो.

लेणी पुन्हा उजेडात आली, आणि त्याबरोबरच त्यांच्या ऱ्हासाची नवी कारणेही सुरू झाली. वटवाघळे व पावसाचे पाणी ही जुनीच होती. त्यांत हौशी पाहुण्यांची भर पडली. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ साली लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत, निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीने तो मानला आणि १८४४ साली मद्रास सेनेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची या कामावर नेमणूक झाली.

गिल त्या वेळी चाळिशीचा होता. अजिंठा गावातील बारादरीत त्याने मुक्काम ठोकला आणि पुढे सुमारे वीस वर्षे तो कॅनव्हासवर तैलरंगात भिंतींच्या नकला उतरवीत राहिला. हे काम छायाचित्राने का केले नाही, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडेल. त्याचे उत्तर छायाचित्रणाच्या तत्कालीन रीतीत आहे. १८५० नंतर ओल्या काचेची पद्धत प्रचारात आली. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन तिच्यावर रसायनांची क्रिया करावयाची. या साऱ्यास अवघी काही मिनिटे मिळत. खानदेशच्या वेशीवरील उन्हाळ्यात तो थर किती लवकर सुकत असेल, याची कल्पना तेथील रहिवाशांना वेगळी सांगावयास नको. याहून मोठी अडचण रंगांची होती. ती काच निळ्या प्रकाशालाच अधिक जागी असे; तांबडा व पिवळा रंग तिच्यावर जवळजवळ काळाच उमटे. आणि अजिंठ्याचे रंग कोणते? मुख्यत्वे तांबडी व पिवळी माती, म्हणजे गेरू आणि पिवडी. कॅमेऱ्याला जे दिसत नव्हते नेमके तेच त्या भिंतींवर होते. म्हणून कुंचल्यावाचून गत्यंतर नव्हते.

तरीही १८५६ च्या सुमारास गिलने कॅमेरा हाती घेतला. लेण्यांचे दर्शनी भाग, खांब, चैत्यांतील स्तूप यांची त्याने दुहेरी छायाचित्रे काढली. विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली असता त्यांत खोली भासते. फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची दोन पुस्तके १८६४ साली लंडनला प्रसिद्ध झाली. म्हणजे एकाच माणसाने रंगासाठी कुंचला व दगडासाठी कॅमेरा अशी वाटणी केली होती. या वाटणीकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती पारोची कथा.

पारोविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. अजिंठा गावात तिची समाधी आहे आणि गिलने तिच्यावर बसविलेल्या शिळेवर १८५६ सालच्या मे महिन्यातील मृत्यूची नोंद व प्रेमाचे चार शब्द आहेत. एवढ्या आधारावर लोककथा उभी राहिली, ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ साली त्यावर चित्रपटही निघाला. ज्या वर्षी तिचा मृत्यू झाला त्याच सुमारास गिल छायाचित्रणाकडे वळला, यावरून कोणी काही अनुमान काढील. शिळा मात्र तेवढे सांगत नाही. तिचे एखादे छायाचित्र हयातीत निघाले असते तर काव्याला जागा कमी उरली असती, इतकेच.

गिलच्या पंचवीसहून अधिक भव्य प्रतिकृती लंडनला पोहोचल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात होत्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीस आग लागली आणि वीस वर्षांचे श्रम तिच्यात गेले. चार-पाच चित्रे वाचली. जळालेल्यांपैकी काहींवरून आधी लाकडी ठसे कोरले गेले होते व ते १८५६ सालच्या एका पुस्तकात छापलेले होते. हाताच्या पंजाएवढे, रंगहीन ठसे. पण त्या प्रतिकृतींचे म्हणून जे उरले त्यांत त्यांची गणना करावी लागते.

काम पुन्हा आरंभापासून करणे भाग होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ साली विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास पहिली मोहीम नेली; १८८५ पर्यंत हे काम चालले. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ग्रिफिथ्स यांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु भिंतीसमोर उभे राहून रेघ न रेघ टिपणारे हात मुंबईच्या तरुणांचे होते. त्यांतील पेस्तनजी बोमनजी हे पुढे नामांकित चित्रकार झाले. जगन्नाथ अनंत हे दुसरे नाव त्या कामाच्या संदर्भात आढळते. पाश्चात्त्य पद्धतीने मानवाकृती काढावयास शिकलेल्या या मुलांना आपल्याच देशातील पंधराशे वर्षांपूर्वीच्या रेषेचे वळण हाताने गिरवून पाहण्याची संधी येथे प्रथम मिळाली. कलाशिक्षकांनी या प्रसंगाचा विचार अवश्य करावा.

याच मोहिमेत एक प्रमादही घडला. काळवंडलेले रंग नीट दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले. तात्पुरते रंग उजळले, पण कालांतराने ते व्हार्निश पिवळे पडले व त्याखालील चित्रास अपाय झाला. पुढे १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावून संरक्षणाचे काम करविले, त्यांनाही या थराशी झगडावे लागले. नक्कल वाचविण्यासाठी मूळ दुखावले गेले, हे विसरता येत नाही.

आणि दैव पाहा. १८८५ साली लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे आग लागली. तेथे ठेवलेल्या या प्रतिकृतींपैकीही अनेक भस्मसात झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६–९७ मध्ये निघाले. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती तरुण येथे येऊन गेले. पुढे जपानी चित्रकार अराइ काम्पो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नकला केल्या. त्या तोकियो विद्यापीठात ठेवल्या असता १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. सिडनहॅम, केन्सिंग्टन, तोकियो. डोंगरातील ओल्या, पडक्या भिंती मात्र या सुरक्षित इमारतींपेक्षा अधिक टिकल्या.

तेव्हा नकलांचा उपयोग काय झाला? भिंतीवरील गिलावा अधूनमधून गळत राहिला. आज रिकाम्या दिसणाऱ्या काही जागी पूर्वी काय होते, हे शोधताना संशोधक उरलेल्या प्रतिकृती व जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहतात. त्या वेळी प्रत कोणत्या लेण्यातील, कोणत्या भिंतीवरील व कोणत्या वर्षीची, ही पाठीमागची नोंद चित्राइतकीच मोलाची ठरते. नोंद नसलेले चित्र सुंदर असेल, पण साक्षीला उपयोगी पडत नाही. आपल्या ग्रामपंचायतींच्या व शाळांच्या भिंतींवर पाझर तलावाच्या भूमिपूजनाची, जुन्या शिक्षकांची, पहिल्या पटावरील मुलांची कितीतरी छायाचित्रे टांगलेली असतात. मध्यभागी बसलेल्या पाहुण्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. मागच्या रांगेतील माणसे ओळखणारा वृद्ध गावात एखादाच उरतो. मागच्या पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहावयास पेन्सिलीखेरीज काही लागत नाही. ते होत नाही, हे मात्र खरे.

गिलची पुढची हकीकत सांगून हे कथन थांबविता येईल. क्रिस्टल पॅलेसच्या आगीनंतर त्याचे वय साठीपलीकडे गेले होते. तरीही १८६८ च्या सुमारास त्याचा कॅमेरा वऱ्हाडात फिरताना आढळतो. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्याने काढलेली छायाचित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत.  १८७९ साली गिल वारला आणि भुसावळ येथे त्याचे दफन झाले. त्या काळच्या मंदिर-छायाचित्रांत इमारतीची उंची कळावी म्हणून दाराशी एखादा माणूस उभा करण्याची रीत होती. काच प्रकाश घेईपर्यंत त्याला हलता येत नसे. असा एक जण अंगरखा-मुंडाशात, हात खाली सोडून, श्वास रोखल्यासारखा उभा असतो. मंदिराचे नाव चित्राखाली लिहिलेले असते.