तिजोरी कुणाची, हिशेब कुणाचा?



विहारात सरकारी बजेटावर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण दीघनिकायातले कूटदन्त सुत्त पाहा. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा होता आणि राज्यात तर लुटालूट माजलेली. पुरोहिताने सांगितले, अशा वेळी नवा कर लादणे बरे नव्हे आणि नुसत्या शिक्षांनीही लूट थांबायची नाही. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. राजाने तसे केले. लूट थांबली, खजिना भरला, लोक दारे उघडी टाकून राहू लागले. तथागतांनी सांगितलेले हे अर्थशास्त्रच नाही का?

बाबासाहेब तर अर्थशास्त्राचे पंडित. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बजेटावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. मिळकतकरात कमी उत्पन्नाला माफी. शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही. ऐपत पाहून भार टाका, हे त्यांचे सांगणे.

आज आम्हाला ऐकवले जाते, "तुम्ही कर कुठे भरता? सवलती तेवढ्या खाता." आम्ही विचारतो, साबणावरचा, चपलेवरचा जीएसटी कोण भरतो? मजूर आणि कारखानदार एकाच दराने भरतात. तेव्हा तिजोरीत आमचाही घाम आहे. योजना म्हणजे उपकार नव्हे.

याच महाराष्ट्राने एक चांगला धडा घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचा जोर वाढला. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसला आणि १९७७ साली कायदा झाला. शहरातल्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुरापर्यंत गेला. कायदा होता म्हणून मजूर काम हक्काने मागू शकला.

अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचे तत्त्वही सरळ आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात हे प्रमाण ११.८ टक्के. पण तरतूद वेगळी नि खर्च वेगळा. २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी दाखवली. बहिणीला पैसे मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण ते वसतिगृहातल्या भावाच्या ताटातून का घ्यावेत? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीसाठी कायदे केले. इथेही कायद्याचे कुलूप हवेच. नुसत्या शासन निर्णयाने भागत नाही. एका निर्णयाने दिलेले दुसऱ्या निर्णयाने काढून घेता येते.

मुंबईचे राहू द्या, सुरुवात गावातून करू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. किती आले, कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. आपल्या विहारात लिहिता येणारी पोरे पुष्कळ आहेत. दर पौर्णिमेला वंदना झाली, की अर्धा तास या हिशेबाला द्यावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!