आकाशाचा दोर आणि त्याचा धनी

पाथरीच्या घरांवरील डिश अँटेना दक्षिणेकडे वा आग्नेयेकडे तोंड करून असतात. कारण त्यांना संदेश पुरविणारे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, पृथ्वीबरोबरच फिरत असल्यानें एका जागीं स्थिर भासतात. अशा स्थळापासून जमिनीपर्यंत दोर सोडून त्यावरून पाळणा चढवावा, ही कल्पना रशियन अभियंता युरी आर्त्सुतानोव्ह यानें १९६० सालीं मांडली.

अडचण आहे ती दोराची. एकसारख्या जाडीचा पोलादी दोर शंभर किलोमीटरही न लोंबतां स्वतःच्या भारानेंच तुटेल. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या बळकट खऱ्या, पण त्यांचा एवढा लांब धागा अद्याप कोणास वळतां आलेला नाहीं. तरीही ओबायाशी या जपानी बांधकाम कंपनीनें २०१२ सालीं तब्बल ९६,००० किलोमीटरच्या दोराची योजना जाहीर केली; तोलासाठीं दोर उपग्रहांच्याही पलीकडे न्यावा लागतो.

महाराष्ट्रांतील खासगी उद्योगाचें काम याहून जमिनीवरचें. साखर कारखान्याभोवतीं वसलेल्या वालचंदनगरांत इस्रोच्या अग्निबाणांचीं धातूचीं आवरणें घडत आलीं आहेत. भारतीय खासगी कंपनीचा पहिला अग्निबाण मात्र हैदराबादच्या स्कायरूटनें १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडविला. तो सुमारे ९० किलोमीटर चढला व समुद्रांत पडला.

दोराचा पाया विषुववृत्तालगत हवा, आणि भारताची भूमि तेथवर पोंचत नाहीं. तेव्हां तो परक्याच्या अंगणांत, नाहींतर भर समुद्रांत उभा राहणार. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें खासगी कंपन्यांच्या अंतराळांतील कृत्यांची जबाबदारी त्यांच्या सरकारांवर ठेवली आहे. परंतु एकुलत्या एका दोराची मालकी एखाद्या कंपनीकडे गेली, तर चढणाऱ्या मालावरील जकात कोणी ठरवावी, याविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं.