परसबागेसाठी घरच्या घरी लाकडी पट्ट्यांचे कुंपण
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



परसात मेथी, वांगी, मिरची लावावी, घरच्या बायाबापड्यांनी महिनाभर पाणी घालावे आणि एका दुपारी दोन शेळ्यांनी सगळा वाफा साफ करावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. काट्याचे कुंपण दरवर्षी नव्याने घालावे लागते. घरी थोडे लाकूड, करवत, रंधा, गिरमिट आणि हातोडी असेल तर पट्ट्यांचे कुंपण आपण स्वतः करू शकतो.

प्रथम माझी चूक सांगतो. मी पहिले कुंपण केले तेव्हा ओल्या लाकडाचे खांब तसेच मातीत पुरले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर धक्का देताच एक खांब जमिनीलगत मोडला. वरचे लाकूड मात्र शाबूत होते. याचे कारण असे, की जमिनीच्या पातळीवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात व तेथेच कुजविणारी बुरशी वाढते. म्हणून कुंपणाचे आयुष्य खांबाच्या बुडाशी ठरते, हे लक्षात ठेवावे.

खांबासाठी साग किंवा बाभळीच्या गाभ्याचे लाकूड घ्यावे. कडेचे पांढुरके लाकूड लवकर किडते, ते तासून टाकावे. साग, खैर, आंबा यांसारखी झाडे तोडण्यास परवानगी लागते, याची आधी चौकशी करावी. चिरलेल्या पट्ट्या सावलीत, मध्ये काड्या घालून, वर वजन ठेवून दोन-तीन महिने वाळवाव्यात. म्हणजे त्या वाकत नाहीत.

आता हिशेब पाहू. 42 फूट लांब व 28 फूट रुंद बागेचा, म्हणजे गुंठ्याहून थोड्या अधिक जागेचा, घेर 140 फूट होतो. दर 7 फुटांवर एक याप्रमाणे 20 खांब व फाटकासाठी एक जादा, असे 21 खांब लागतात. पट्टी 3 इंच व फट 2 इंच धरल्यास फाटकासह सुमारे 336 पट्ट्या लागतील. प्रत्येक पट्टीस 4 याप्रमाणे साधारण 1350 खिळे होतात.

कोपरे काटकोनात येण्यासाठी दोरीने एका बाजूस 6 फूट, दुसरीस 8 फूट मोजावे. तिरकस अंतर 10 फूट भरले पाहिजे. साडेसहा फुटी खांबाचे 2 फूट बूड जमिनीत जावे. वाळलेल्या बुडास जमिनीवर अर्धा फूट येईल एवढे गरम डांबर लावावे. ओल्या लाकडावर डांबर लावल्यास ओल आत कोंडते. डांबर घर व गवतापासून दूर तापवावे. खड्ड्याच्या तळाशी चार इंच खडी टाकावी, ओळंबा धरून खांब उभा करावा आणि मुरूम थराथराने ठोकावा. वरच्या मातीस बाहेर उतार द्यावा. काळ्या जमिनीत माती फुगते व भेगाळते, म्हणून तेथे खांब अर्धा फूट लांब घेऊन तितकाच अधिक खोल पुरावा व भोवती मुरूमच भरावा.

दोन आडव्या पट्ट्या खांबांच्या आतल्या अंगास व उभ्या पट्ट्या बाहेरून ठोकाव्यात. आडव्या बाहेर ठेवल्यास शेळीला चढायला पायऱ्याच होतात. फट सारखी राहण्यासाठी 2 इंची लाकडाचा तुकडा मापाला धरावा. बाभूळ व निलगिरी खिळ्याने चिरते, म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावे. पट्टी जमिनीपासून 2 इंच वर ठेवावी व वरचे टोक तिरपे कापावे, म्हणजे पाणी ठरत नाही.

हे कुंपण शेळ्या व गुरांसाठी आहे. रानडुक्कर आणि माकड त्याने थांबत नाहीत. मात्र त्यासाठी कुंपणाच्या तारेत घरची वीज कधीही सोडू नये. त्यात जनावराआधी आपलेच मूल किंवा शेजारी सापडतो.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खांबाच्या बुडाशी माती उकरून टोच्या मारून पाहावा. मऊ लागलेला खांब त्याच उन्हाळ्यात बदलावा. एक खांब बदलणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. सगळे कुंपण पडल्यावर मात्र भाजीही जाते आणि हुरूपही जातो.