गाडीच्या पोटातले पाणी



आज मी गाडीवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर खडू धरला, यांना गाडीतले काय कळते? खरे आहे. कळत नव्हते, आणि तरी मी सल्ला दिला. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

माझ्या पुतण्याची जुनी पिकअप आहे. बाजाराचा माल, मे महिन्यात तेंदूपत्ता, लग्नसराईत वऱ्हाडी, सारे तिच्यातूनच जाते. एकदा तिच्या रेडिएटरमधले पाणी कमी झाले. पुतण्या म्हणाला, "काकाजी, कूलंट आणा लागते." मी हसलो. म्हटले, "अरे, ते बर्फाच्या मुलखासाठी. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बोअरचे पाणी टाक." तो बिचारा माझे ऐकणारा. त्याने पाणी टाकले. दोन उन्हाळे गाडी चालली. मला वाटले, पैसे वाचवले.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात शेजारची एक बाई पोटाच्या दुखण्याने तळमळू लागली. तिला आलापल्लीहून चंद्रपूरला न्यायचे होते. मीही सोबत होतो. आष्टीचा पूल ओलांडला, गोंडपिपरी यायची होती, तोच उष्णतेचा काटा वर चढला. पुढून वाफ आली आणि इंजिन बंद पडले. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती बाई झाडाखाली पडून होती आणि मी तिच्या डोक्यावर ओला पंचा धरला होता. पाऊण तासाने एस.टी. आली. वाहकाने जागा करून दिली. बाई वाचली. पण तो पाऊण तास मी अजून विसरलो नाही.

मिस्त्रीने रेडिएटर उघडून दाखवला. बोअरचे पाणी तापवून तापवून पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तसाच थर आत होता. बारीक नळ्या बुजल्या होत्या. शिवाय गंज. हेड वाकले, गॅस्केट जळाली. पुतण्याची एका हंगामाची कमाई गेली.

आता कूलंट म्हणजे काय ते पाहू. तुम्ही चंद्रपूरच्या वीज केंद्राचे उंच मनोरे पाहिले असतील. इरई धरणाचे पाणी ते केंद्र थंड ठेवते. गाडीतही तसेच. इंजिन तापते, पाणी ती उष्णता उचलून रेडिएटरात आणते, तिथे वारा ती घेऊन जातो. या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य आणि गंज रोखणारी औषधे मिसळली की कूलंट होते. थंड मुलखात त्याने पाणी गोठत नाही, एवढेच मला ठाऊक होते. पण त्याने पाणी उशिरा उकळते, हे ठाऊक नव्हते. साधे पाणी १०० अंशाला उकळते, निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७-४८. तिथे सात अंशही मोलाचे. आणि गंजाला तर बर्फ लागतच नाही.

रेडिएटरचे झाकणही बघा. ते कुकरच्या झाकणासारखे दाब धरते. दाब असला की पाणी आणखी १५-२० अंश उशिरा उकळते. झाकणाचे रबर चिरले की हा फायदा गेला. झाकण स्वस्त असते. पण इंजिन गरम असताना ते उघडू नका. माझ्या ओळखीच्या एकाचा हात त्यात भाजला.

मग कोणते कूलंट घ्यावे? दुकानात हिरवे, लाल, निळे असे डबे दिसतात. पुष्कळ लोक रंग पाहून घेतात. रंगाला काही नियम नाही, कारखाना हवा तो रंग घालतो. गाडीच्या पुस्तकात कोणता प्रकार लिहिला आहे ते बघा. पुस्तक हरवले असेल तर त्या गाडीच्या कंपनीच्या दुकानात विचारा. जुन्या गाड्यांचा रेडिएटर बहुधा तांब्या-पितळेचा, सांधे शिसे-कथील वितळवून जोडलेले. त्यांना जुन्या पद्धतीचे कूलंट मानवते. ते साधारण दोन वर्षांत बदलावे लागते. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियम असते. त्यांचे कूलंट पाच वर्षेही टिकते, पण ते जुन्या सांध्यांना मानवेलच असे नाही. दोन जाती एकत्र करू नका. औषधे एकमेकांना मारतात, कधी आत चिखलासारखा गाळ होतो.

डबा वाचून घ्या. "रेडी टू यूज" किंवा "प्रीमिक्स" लिहिले असेल तर तसेच ओतायचे, पाणी घालायचे नाही. "कॉन्सन्ट्रेट" असेल तर पाणी घालायचे, आणि किती ते डब्यावर असते. १:१ म्हणजे एक लिटरला एक लिटर, १:२ म्हणजे एक लिटरला दोन लिटर. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या. नुसते ग्लायकॉल ओतले तर जास्त चांगले, असे समजू नका. उष्णता उचलायला पाणीच पटाईत.

बदलताना इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. खालचा नळ सोडून सगळे काढा. आत पाणी सोडून, ते स्वच्छ निघेपर्यंत धुवा. नवे भरून झाकण उघडे ठेवून इंजिन थोडे चालवा, बुडबुडे निघतील, पातळी उतरेल, मग पुन्हा भरा. वाटेत काटा चढला तर गाडी थांबवा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, तडा जातो.

आता बायाबापड्यांनी विशेष ऐकावे. हे द्रव्य गोड लागते आणि विषारी आहे. कुत्री, गुरे चाटतात आणि मरतात. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. काढलेले जुने द्रव्य नाल्यात सोडू नका, बंद डब्यात धरून गॅरेजवर द्या. पोराने घोटभर प्याले, तर त्याला बरे वाटत असले तरी लगेच दवाखान्यात न्या.

पुतण्याने दाराच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख लिहिली आहे, कूलंट भरल्याची आणि बदलायची. बाहेर कोणाची गाडी उभी असेल तर चला, तिच्या झाकणाचे रबर पाहू. इंजिन थंड झाले असेल तरच.