डॉ. नोशीर अंतिया आणि चेहऱ्याची शस्त्रक्रिया
(बेळगावजवळच्या पिरनवाडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

एका जागची कातडी, हाड, कूर्चा किंवा अवयव उचलून दुसऱ्या जागी रुजविणे याला रोपण म्हणतात. डोके आणि मान यांच्या शस्त्रक्रियेत ते दोन प्रकारे होते. रुग्णाच्याच शरीरातील ऊती वापरल्या तर ते स्वरोपण आणि मृत दात्याचा अवयव वापरला तर ते परोपण होय. परोपणाचा गाजावाजा अधिक झाला आहे. 1998 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मार्शल स्ट्रोम यांनी दात्याचे स्वरयंत्र एका रुग्णाच्या गळ्यात बसविले आणि 2005 मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे एका स्त्रीला दात्याच्या चेहऱ्याचा काही भाग लाभला. मात्र परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून अशा रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात, आणि जिथे साधा ताप अंगावर काढला जातो तिथे ही वाट किती जणांना परवडेल हा प्रश्न उरतोच. डॉ. नोशीर अंतिया यांची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

अंतियांचा जन्म 1922 मध्ये हुबळीत, म्हणजे येथून अवघ्या काही तासांच्या अंतरावर झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले आणि 1950 च्या दशकात परत येऊन त्यांनी पुण्यात कामाला सुरुवात केली. गिलीज हे पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे, सुघटन शल्यचिकित्सेचे म्हणजे प्लास्टिक सर्जरीचे प्रवर्तक होत. परंतु गुरूचे हे शास्त्र मुळात कुठून आले हे पाहिल्याशिवाय शिष्याचे मोल कळणार नाही, म्हणून येथे थोडे मागे जाणे अपरिहार्य आहे.

म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्धच्या 1790 ते 1792 च्या युद्धाचा तपशील, विशेषतः परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला घातलेला वेढा, या भागातील श्रोत्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी, ज्याचे नाव इंग्रजी मासिकाने कावसजी असे छापले, टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून दिले. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले आणि मुंबईचे दोन इंग्रज सर्जन, क्रूसो व फिंडले, यांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली.

1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने दिलेले तिचे वर्णन बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्या कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून हव्या त्या नाकाचा आकार घेतला, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. उद्यमबागेतील फाउंड्रीत ओतकामाआधी पॅटर्न बेतणाऱ्यांना यातील अक्कल वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. रेघेच्या आतील कातडी त्याने सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये तिची एक अरुंद पट्टी जोडलेलीच राखली, कारण त्या पट्टीतून रक्त वाहत राहिले तरच कातडी जगते. मग खुंटाच्या कडा खरवडून, ती कातडी अर्धी पिळून खाली आणून त्याने चिरेत बसविली, वर पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर माखून लावला, चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवल्या, दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी तोडली. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी हे वाचून आधी प्रेतांवर सराव केला, 1814 मध्ये ही शस्त्रक्रिया जिवंत माणसावर केली आणि दोन वर्षांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. विलायतेच्या सर्जनांनी पुण्याच्या विटा भाजणाऱ्याकडे शिकवणी लावली, असे म्हणण्यास हरकत नाही. (हशा)

अध्यक्षांकडे आलेल्या एका चिठ्ठीत सुश्रुताचे श्रेय डावलले जात असल्याची तक्रार आहे. ते श्रेय कोणीही डावलू नये. पानाने माप घेऊन गालाच्या कातडीचे नाक करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहेच. तथापि ग्रंथात उरलेली विद्या आणि विटा भाजणाऱ्याच्या घरात जिवंत राहिलेली विद्या यांची योग्यता सारखी मानता येत नाही. दुसऱ्या चिठ्ठीत कावसजीवरील शस्त्रक्रियेला प्रत्यारोपण म्हणावे काय असे विचारले आहे. कातडीचा जिवंत तुकडा रक्तपुरवठ्यासह नव्या जागी रुजविणे हाच त्या साऱ्या शास्त्राचा पाया आहे, आणि पायाला कमी लेखून इमारतीचे कौतुक करता येणार नाही.

कार्प्यूंमार्फत युरोपात आणि तेथून गिलीजपर्यंत पोहोचलेली ही विद्या अंतिया पुन्हा पुण्यात घेऊन आले. कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांना दिसले की औषधाने जंतू मरतात, तरी चेहरा रोग्याचाच राहतो. भुवया झडतात, पापण्या मिटत नाहीत आणि नाक बसते. नाक बसते ते आतील श्लेष्मल आवरण व्रणाने आकसते म्हणून. बाहेरची कातडी शाबूत असते. गिलीज यांच्या पद्धतीनुसार आतील आकसलेला भाग मोकळा करून, साच्याभोवती गुंडाळलेली पातळ कातडी आत रुजविली की नाक पुन्हा उभे राहते, आणि चेहऱ्यावर बाहेरून एकही व्रण दिसत नाही. भुवईसाठी डोक्याची केसाळ कातडी तिच्या धमनीसह कातडीखालून ओढून आणली जाते. असा माणूस गावी परततो तेव्हा त्याला पंगतीत बसू दिले जाते, आणि अंतियांच्या दृष्टीने शस्त्रक्रियेचे यश तिथे मोजायचे होते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा सुघटन शल्यविभाग, कानाच्या कडेच्या दुरुस्तीची अंतिया आणि बूच यांच्या नावाने जगभर शिकविली जाणारी पद्धत, 1990 ची पद्मश्री हे सारे चरित्रकोशात मिळेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखविले असल्याने आणि बेळगावकडे जाणाऱ्या मंडळींची शेवटची बस निघण्याच्या बेतात असल्याने त्याचा विस्तार येथे सोडावा लागतो. सांगणे अगत्याचे आहे ते पुढचेच. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या या सर्जनाने 1975 मध्ये सामुदायिक आरोग्य संशोधनासाठी संस्था काढली, रायगड जिल्ह्यातील मांडवा येथे आणि नंतर पुरंदर तालुक्यातील परिंचे येथे गावातील अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. अंतिया चेहऱ्याची शस्त्रक्रिया सोडून समाजसेवेकडे वळले असे अनेकदा लिहिले जाते, आणि ते चूक आहे. कुष्ठरोगाचा कातडीवरचा बधिर चट्टा शेजारणीने वेळीच ओळखला तर नाक बसतच नाही. म्हणजे मांडव्याची बाई आणि जे. जे. चा सर्जन एकाच कामाची दोन टोके सांभाळत होते. विटा भाजणाऱ्याच्या हातात जे कौशल्य होते ते पुन्हा सामान्य माणसाच्या हाती देणे, हेच या कारकिर्दीचे मर्म होय.

निपाणीच्या तंबाखूवर ज्या टापूची चूल पेटते त्याला हे दूरचे वाटू नये. तोंडाच्या कर्करोगात जबडा काढावा लागला तर पायाचे हाड धमनीसह उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली मानेच्या रक्तवाहिन्यांना जोडून नवा जबडा आज घडविता येतो. पण ती तासन्‌तास चालणारी, घर खर्चात पाडणारी शस्त्रक्रिया आहे. म्हणून येथे जमलेल्या प्रत्येकाने आज घरी गेल्यावर उजेडात घरातल्यांची तोंडे पाहावीत. तंबाखू ठेवण्याच्या जागी पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडत नसले किंवा तीन आठवडे झाले तरी व्रण भरत नसला, तर त्या माणसाला मळणी, लग्न, जत्रा यांची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे.